संशोधक नेमकं काय करतात? वेगवेगळ्या विद्याशाखांमधल्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीच्या शेवटच्या वर्षाला आलेली मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील यांच्याशी बोलताना काही प्रश्न हमखास येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक पुण्याची आणि आसपासची आहेत, कारण इतक्या वेगवेगळ्या विद्याशाखा इतक्या जवळजवळ नांदताना फार कमी शहरांत दिसतात. शिवाय ही ठिकाणं तुम्हाला स्वतः जाऊन पाहता येतील.

संशोधन म्हणजे प्रयोगशाळेतलं काम ना?

त्यातला तो एक भाग झाला. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पांढरा कोट घातलेले लोक दिसतील. पण लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेत कुणीतरी भिंगातून पोथी वाचत असतं. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात हाडांचे तुकडे धुऊन, त्यांवर क्रमांक टाकून मांडून ठेवलेले असतात. गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ आकड्यांचे तक्ते घेऊन बसतात, आणि विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत फळ्यावरची समीकरणं आठवडाभर पुसली जात नाहीत.

ही सगळीच माणसं संशोधक. त्यांची हत्यारं वेगळी आहेत हे तर दिसतंच. त्याहून महत्त्वाचा फरक असा, की ‘आता हे सिद्ध झालं’ असं कधी म्हणायचं याचा प्रत्येकाचा नियम निराळा असतो. विद्याशाखा निवडताना मुलांनी हा नियम समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. पगार, नोकरी, गुण यांची चौकशी सगळे करतात, याची कुणी करत नाही.

महाभारत तर छापलेलं आहेच. त्यात संशोधन कसलं?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर ऐकून विज्ञान शाखेची मुलं सर्वांत जास्त चकित होतात.

छापलेलं आहे, पण कुठलं? काश्मीरच्या शारदा लिपीतल्या पोथीत एक पाठ, बंगालच्या पोथीत दुसरा, केरळच्या मल्याळम पोथीत तिसरा. कुठे एखादी कथाच जास्त, कुठे नुसता शब्द बदललेला. शेकडो वर्षं हाताने नकला होत गेल्या. लेखनिकाच्या चुका झाल्या, कुणी भक्तीने श्लोक घातले, कुणी आपल्या प्रांतात प्रसिद्ध असलेला प्रसंग जोडला. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते आणि १९४३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते या कामात होते. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते तडीस नेलं. १९६६ मध्ये, तेव्हाचे राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत, ते पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. एकूण १२५९ हस्तलिखितं तपासली गेली आणि १९ खंड निघाले.

कामाची पद्धत अशी. श्लोकाचं एकेक अक्षर चौकटीत लिहायचं आणि खाली ओळीने प्रत्येक पोथीतला फरक नोंदवायचा. मग कुठल्या पोथ्या एकमेकींच्या नात्यातल्या आहेत हे ओळखायचं. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक सापडली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असण्याची शक्यता मोठी. उलट, एकमेकींपासून दूर वाढलेल्या काश्मीर आणि केरळच्या पोथ्यांत तोच पाठ मिळाला, तर तो जुना मानायला भक्कम आधार. जीवशास्त्रज्ञ प्राण्यांच्या जातींचे वंशवृक्ष काढतात तेव्हा बरंचसं हेच तर्कशास्त्र चालतं.

निकाल नेहमी सोयीचा लागत नाही. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही आपल्या सगळ्यांची लाडकी कथा मूळ पाठात टिकली नाही, पुराव्याअभावी ती परिशिष्टात गेली. संपादकांनी ती फेकून दिलेली नाही. वगळलेलं सगळं टीपांत आणि परिशिष्टांत जपलेलं आहे, म्हणजे उद्या कुणाला त्यांचा निर्णय पटला नाही तर तो तपासून पाहता येतो. हा प्रामाणिकपणा मला कुठल्याही प्रयोगाइतकाच वैज्ञानिक वाटतो.

एका शब्दकोशाला पंचाहत्तर वर्षं कशी लागतात?

डेक्कन कॉलेजचा संस्कृत महाकोश १९४८ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांनी सुरू केला. ऋग्वेदापासून सुरुवात करून सुमारे १५०० ग्रंथांतले शब्द कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवले गेले: शब्द, संदर्भ, त्या जागी असलेला अर्थ. अशा जवळपास एक कोटी चिठ्ठ्या कप्प्याकप्प्यांच्या कपाटांत रचून ठेवल्या आहेत. पहिला भाग अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये निघाला. आजवर पस्तीस खंड झाले, तरी काम ‘अ’ या पहिल्याच अक्षरात आहे.

यावर लोक हसतात, तेव्हा मला वाईट वाटतं. संस्कृतात जवळजवळ कुठल्याही शब्दाआधी नकाराचा ‘अ’ लागू शकतो, म्हणून हे अक्षर अफाट मोठं आहे. शिवाय हा कोश नुसता अर्थ देत नाही. वैदिक काळात एखाद्या शब्दाचा अर्थ काय होता, वैद्यकात काय झाला, न्यायशास्त्रात तो कसा वळला, असा शब्दाचा सगळा प्रवास तो काळाच्या क्रमाने मांडतो. इथे काम सुरू करणाऱ्याला आपल्या हयातीत शेवट दिसणार नाही हे ठाऊक असतं आणि तरीही तो आजची चिठ्ठी नीट तपासतो.

उत्खननात सापडलेल्या वस्तूंवरून हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल खात्रीने काय सांगता येतं?

काही गोष्टी ठामपणे सांगता येतात, काही कधीच सांगता येत नाहीत. पुरातत्त्वाचं सगळं शहाणपण त्यांच्यातली रेघ ओळखण्यात आहे.

शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावचं उदाहरण घ्या. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे खोदकाम केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं. ते सातू पिकवत, गुरं पाळत, शिकार करत, हे जळालेल्या दाण्यांवरून आणि हाडांवरून कळतं. सुरुवातीला ऐसपैस चौकोनी घरं, शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या, हे जमिनीतल्या खुणांवरून कळतं.

मग येतात दफनं. लहान मुलांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरलेलं आढळलं. मोठ्या माणसांच्या सांगाड्यांना घोट्याखाली पाऊलच नाही, पुरण्याआधी ते तोडलेलं. इथवर पुरावा. का तोडलं? मेलेल्याने उठून निघून जाऊ नये म्हणून, असा तर्क केला जातो. तर्क चांगला आहे, पण हाडं ‘काय केलं’ ते सांगतात, ‘कशासाठी’ ते सांगत नाहीत. चांगला पुरातत्त्वज्ञ या दोन वाक्यांची सरमिसळ होऊ देत नाही.

आणि पुरावा मिळवणं किती अवघड असतं, हे हरियाणातल्या राखीगढीवरून दिसतं. वसंत शिंदे यांच्या पथकाने तिथल्या सांगाड्यांचे साठेक नमुने डीएनए तपासणीसाठी दिले. उष्ण, दमट हवेत डीएनए टिकत नाही. एका बाईच्या नमुन्यातून तेवढा उपयोगी मजकूर मिळाला आणि २०१९ मधला तो गाजलेला शोधनिबंध त्या एकीवर उभा राहिला. त्यावरून जे वाद झाले, ते बरेचसे एका व्यक्तीवरून किती बोलावं याबद्दलचेच आहेत.

इतिहासात आता नवीन काय सापडणार?

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतले कागद रुमालांत बांधून ठेवले आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड छापले, तरी न वाचलेले कागद अजून पुष्कळ आहेत. त्यांत लढायांपेक्षा वसुली, तंटे, दुष्काळ, बाजारभाव, पाटबंधारे यांचंच लिखाण जास्त. मोडी सफाईने वाचणारी तरुण माणसं मात्र कमी आहेत. ज्याला इतिहासात खरोखर नवं काही करायचंय, त्याने आधी मोडी शिकावी. एवढा सरळ सल्ला दुसऱ्या कुठल्या विषयात मला देता येत नाही.

सामाजिक शास्त्रांत तर नुसती मतं असतात. त्याला संशोधन कसं म्हणायचं?

मत आणि मोजणी यांत किती कष्ट असतात ते बघा. गरीब कुणाला म्हणायचं? प्रत्येकाचं मत असेल. गोखले संस्थेतले विनायक महादेव दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ते मोजायची पद्धत मांडली. माणसाला दिवसाला २२५० उष्मांक मिळावेत, तर किती खर्च येतो? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून त्यांनी १९६०-६१ च्या भावांनी ग्रामीण भागासाठी दरडोई महिना १५ रुपये आणि शहरासाठी साडेबावीस रुपये अशी रेषा काढली. तिच्याखाली सुमारे ४० टक्के ग्रामीण आणि ५० टक्के शहरी लोक होते. या आकड्यांवर पुढे भरपूर वाद झाला, आणि तो होऊ शकला याचं कारण त्यांनी आपली कृती उघडी ठेवली होती. त्याच संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी त्याआधी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे शेतकऱ्याच्या पदरात नेमकं काय पडलं याची पाहणी केली होती. १९४८ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध झाला.

पण सगळंच मोजून कळत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावी जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. भाऊ, सासर, विठ्ठल, सीता, नवऱ्याचा मार, आंबेडकर: बायका पहाटे दळताना काय काय म्हणत होत्या, हे कुठल्याही प्रश्नावलीत उतरलं नसतं. मराठी समाजाबद्दल एकच साधन जपायचं म्हटलं, तर मी हे निवडेन.

डॉक्टर संशोधन करतात म्हणजे नवीन औषध शोधतात का?

कधीकधी. पुष्कळदा ते वर्षानुवर्षं त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जात राहतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा, त्यांच्या बाळंतपणांचा आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. इथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आश्चर्य असं, की आपल्या बाळांत स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने जवळपास टिकून होती. दिसायला बारीक, आतून मेदयुक्त. भारतात सडपातळ माणसांनाही मधुमेह का होतो, याचा एक धागा थेट आईच्या पोटापर्यंत गेला. ती बाळं आता मोठी झाली आहेत आणि अभ्यास त्यांच्यामागे चालू आहे. गावांचा विश्वास टिकला नसता तर त्यातला एक आकडाही मिळाला नसता.

पुण्याबाहेरचं एक उदाहरण सांगायलाच हवं. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत हे केलं आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी असल्याचं दिसलं. १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि पुढे देशभरातल्या आशा सेविकांच्या कामात ही पद्धत आली. तुलनेची गावं नसती तर ‘बाळं वाचली’ एवढंच म्हणता आलं असतं, ‘यामुळे वाचली’ असं म्हणता आलं नसतं.

खगोलशास्त्रज्ञ रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसतात का?

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय मीटरतरंग दुर्बीण आहे, तिला डोळा लावायची सोयच नाही. ती रेडिओ लहरी पकडते, दिवसाही चालते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. चौदा मधोमध दाटीने, उरलेल्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप यांनी या अँटेनांसाठी पोलादी पत्र्याऐवजी बारीक तारांची ताणलेली जाळी वापरली. वारा आरपार जातो, वजन कमी भरतं, खर्च आटोक्यात राहतो. रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा पुष्कळ मोठी असल्याने त्यांना ती जाळी आरशासारखीच असते.

संशोधकाचं काम सुरू होतं ते अर्जाने. मला आकाशातलं काय बघायचंय, का, किती तास, हे लिहून द्यायचं. जगातून कुठूनही अर्ज येतात, समिती ते तपासते आणि सहा-सहा महिन्यांच्या सत्रांसाठी वेळ वाटून देते. मिळालेल्या काही तासांच्या विदेवर, म्हणजे डेटावर, मग महिनोन्‌महिने संगणकावर काम. मोबाइल, विजेच्या तारा, उपग्रह यांचा गोंगाट त्यातून वेचून काढणं हाच मोठा उद्योग असतो. जून २०२३ मध्ये स्पंदकांच्या, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, ठोक्यांवरून अतिशय मंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा जाहीर झाला, त्यात युरोपीय दुर्बिणींच्या पंचवीस वर्षांच्या नोंदींसोबत खोडदच्याही नोंदी होत्या. अशा शोधनिबंधावर नावांची भली मोठी यादी असते. इतिहासाच्या निबंधावर बहुधा एकच नाव असतं. यावरून कोण जास्त हुशार हे ठरवू नका.

गणितात काय शोधायचं राहिलंय? सगळी सूत्रं तर पुस्तकात आहेत.

चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. समजा ३५२४. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथेच पोचते. हे शोधलं देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. गणितज्ञाला लगेच पुढचं सुचतं: पाच अंकांचं काय? दहाच्या ऐवजी दुसऱ्या पायावर काय होईल? सामग्री म्हणून कागद आणि पेन्सिल, पण पुराव्याचा नियम सगळ्यांत कडक. लाख उदाहरणं जमली तरी सिद्धता नसेल तर गणितात ते फक्त अनुमान.

आणि जीवशास्त्र?

त्याला मी इथे पूर्ण न्याय देऊ शकणार नाही, दोनच गोष्टी सांगतो. बांबू कित्येक दशकांनी एकदा फुलतो आणि बहुतेक जाती फुलल्यावर मरतात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या रजनी नाडगौडा, व्ही. ए. पाराशरामी आणि अँथनी मस्कारेन्हस यांनी ऊतीसंवर्धनातली बांबूची रोपं बाटलीत काही महिन्यांत फुलवून दाखवली. १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ते छापून आलं. दुसरीकडे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक देवराया पालथ्या घालत होते. बाटली आणि देवराई, विषय एकच: वनस्पती.

मग खरं, पक्कं संशोधन कुठलं?

कापड गजाने मोजतात, दूध मापाने. गजाने दूध मोजू गेलं तर दोष दुधाचा नसतो. रसायनशास्त्रात प्रयोग पुन्हा करून तेच उत्तर यावं लागतं. इनामगाव दुसऱ्यांदा खोदता येत नाही, एकदा खोदलं की तो थर गेला, म्हणून तिथे नोंद ठेवण्याला प्रयोगाइतकं महत्त्व. मात्र एक अट सगळ्यांना सारखी: तुम्ही उत्तरापर्यंत कसे पोचलात, ती वाट दुसऱ्याला चालून पाहता आली पाहिजे.

उत्तर मनासारखं आलं नाही तर पीएचडी फुकट जाते का?

नाही. तुमची अपेक्षा चुकीची निघाली हेही नीट दाखवलं तर प्रबंध होतो. फुकट जाते ती, ज्यात प्रश्नच नसतो. ‘अमुक कवीच्या कवितेचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न अजून पडायचाय.

किती वर्षं लागतात? घरखर्च कसा चालवायचा?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुढे पुनर्नोंदणीने दोन वर्षं वाढवून मिळू शकतात, महिलांना आणि दिव्यांगांना आणखी दोन. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये. विज्ञानासाठी सीएसआयआरची नेट वेगळी असते. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गांतल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. जाहिराती कधी निघतात यावर लक्ष ठेवा, आणि पैसे उशिरा आले तर चार-सहा महिने कसे काढायचे याचा घरी आधीच विचार करून ठेवा. आईवडिलांना विनंती, की पहिल्या दोन वर्षांत ‘झालं का?’ असं दर सणाला विचारू नका.

प्रबंध मराठीत लिहिता येतो का?

मराठी साहित्यात तर लिहायचाच असतो. इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र अशा विषयांतही अनेक प्रबंध मराठीत झाले आहेत. तुमच्या विद्यापीठाचा नियम नोंदणीआधी पाहून घ्या. इंग्रजीत वाचावं मात्र लागेल, ते टाळता येणार नाही.

शोधनिबंध पैसे भरून छापून देतो असे संदेश येतात. खरे असतात का?

आठ दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्याकडे तुमचा निबंध कुणी वाचणार नाही. २०२२ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापणं आयोगाच्या पातळीवर सक्तीचं राहिलेलं नाही, त्यामुळे घाबरून पैसे भरू नका. तुमच्या विद्यापीठाची वेगळी अट आहे का, तेवढं विचारा. आपल्या विषयातली जाणती माणसं कुठल्या नियतकालिकांचा हवाला देतात ते पाहिलं की चांगली कुठली, हे आपोआप कळतं.

सुरुवात कुठून करू?

‘शोधगंगा’वर जा. भारतातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. तुम्हाला आवडणाऱ्या विषयातले दोन आणि अजिबात माहीत नसलेल्या विषयातला एक निवडा. पहिलं प्रकरण वाचा, मग थेट निष्कर्ष वाचा आणि मध्ये काय केलं असेल याचा स्वतः अंदाज बांधून ताडून पाहा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदची दुर्बीण आणि आयुका लोकांसाठी खुली असतात, तेव्हा तिथल्या पीएचडीच्या मुलांना गाठा. प्राध्यापकांपेक्षा ती जास्त मोकळेपणाने बोलतात. त्यांना ‘तुमचा विषय काय’ असं न विचारता ‘काल दिवसभर तुम्ही काय केलंत’ असं विचारा.